हंगामाआधी ट्रॅक्टरचे पाणी बदला : रेडिएटरची धुलाई आणि भरणी



गळीत हंगाम जवळ आला की कारखान्यात ओव्हरहॉलिंगची धांदल सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंप खोलले जातात. हंगाम एकदा सुरू झाला की थांबायला सवड नसते, म्हणून हे सारे आधी उरकतात. मग आपल्या दारात उभा असलेला ट्रॅक्टर काय वेगळा आहे? त्यालाही चार-पाच महिने रात्रंदिवस दोन-दोन ट्रेलर ओढायचे असतात. पण त्याची तयारी म्हणजे काय, तर तेल बदलले, ग्रीस मारले, पुढे नारळ फोडला की झाले! रेडिएटरमधल्या पाण्याकडे कोणी बघत नाही. "पाणी कमी झालं तर टाकू की," एवढ्यावर विषय मिटतो.

आम्ही वाहन दुरुस्तीच्या कामात आहोत. हंगामात रस्त्याकडेला उभे राहिलेले जे ट्रॅक्टर आम्हाला बघावे लागतात, त्यांत इंजिन तापून बंद पडलेल्यांची संख्या थोडीथोडकी नसते. एक प्रसंग सांगतो. एका सभासदाचा भरलेला ट्रॅक्टर चढावर तापला. बॉनेटखालून वाफ येऊ लागली. ड्रायव्हर नवखा होता. त्याने घाईघाईने शेजारच्या पाटाचे गार पाणी बादलीने आणले आणि तापलेल्या इंजिनात ओतले. 'टक्' असा आवाज झाला आणि सिलिंडर हेडला तडा गेला. नवीन हेड मिळून जोडणी होईपर्यंत चार दिवस गेले. दुसरा ट्रॅक्टर मिळायला दीड दिवस लागला, तोवर ट्रेलरमधला ऊस उन्हात वाळत पडला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो, कारण पुढे वजनही घटते आणि साखरही. तिकडे फडात टोळी बसून राहिली, मुकादमाची बोलणी खावी लागली ती वेगळीच. आणि मूळ दुखणे काय निघाले? हेड उतरवून पाहिले तर पाण्याच्या वाटा क्षाराने आणि गंजाच्या चिखलाने निम्म्या बुजलेल्या. एका सकाळच्या कामाचा आळस असा महागात पडला.

म्हणून या अंकात हा एकच विषय घेतला आहे. अंक जपून ठेवावा आणि ड्रायव्हरला वाचून दाखवावा.

पाण्याचे काम काय?

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची सगळी ताकद चाकाला मिळते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. ढोबळ मानाने एक तृतीयांश ताकद कामी येते, एक तृतीयांश धुराड्यातून धुराबरोबर जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाच्या भोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. वॉटर पंप हे पाणी लायनरच्या आणि हेडच्या भोवती फिरवतो, तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, जाळीतून खाली उतरताना फॅनच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते.

मध्ये एक राखणदार बसवलेला असतो, तो म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापले की आतले मेण फुगते आणि वाट उघडते. इंजिनाला अति ताप सोसत नाही, तसा गारठाही मानवत नाही, हे लक्षात ठेवावे.

रेडिएटरची टोपी हे नुसते झाकण नव्हे. घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते, तेच ही टोपी करते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. आपल्या पठारी भागात ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. टोपीच्या स्प्रिंगने आत दाब धरून ठेवला की दर एक पौंड दाबाला उकळण्याची पातळी सुमारे दीड अंशाने वर जाते. म्हणजे १० पौंडांच्या टोपीने पाणी ११० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. टोपीचे रबर फाटले किंवा स्प्रिंग ढिली झाली, तर चांगले इंजिनही चढावर पाणी फेकू लागते. कित्येकदा नुसती टोपी बदलली तरी दुखणे जाते. टोपीवर दाबाचा आकडा कोरलेला असतो. बदलताना त्याच आकड्याची घ्यावी.

कारखान्यातला 'स्केल' आणि आपला रेडिएटर

हंगामात कारखाना मधूनच काही तास क्लीनिंगसाठी थांबतो, हे आपल्याला माहीत आहेच. त्या वेळी काय करतात? उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत आतून क्षाराचा कडक थर बसतो. त्याला 'स्केल' म्हणतात. हा थर बसला की बाहेरच्या वाफेची उष्णता रसापर्यंत पोचत नाही, रस घट्ट व्हायला वेळ लागतो आणि गाळप मंदावते. म्हणून कॉस्टिक सोड्याने नळ्या उकळतात आणि ब्रशने खरवडतात. बॉयलरलाही कोणी विहिरीचे कच्चे पाणी घालत नाही. वाफेचे थंड होऊन झालेले शुद्ध पाणीच पुन्हा वापरतात.

तुमच्या इंजिनात अगदी हेच घडते, फक्त उलट्या दिशेने. तिथे उष्णता आतून बाहेर काढायची असते आणि क्षाराचा थर तिला अडवतो. लोखंडातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या कित्येक पटींनी कमी ती या थरातून जाते. चहाच्या जुन्या पातेल्यात किंवा पाणी तापवायच्या बंबात पांढरी पापडी बसलेली घरोघरी दिसते. तीच पापडी लायनरच्या पाठीवर बसली आहे, अशी कल्पना करा.

आता हिशेब पाहू. पाण्यातला जडपणा लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००) २०० पर्यंतचा जडपणा चांगला मानला आहे आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असे म्हटले आहे. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. क्षारपड जमिनीच्या भागातल्या विहिरींची गोष्ट तर बोलायलाच नको. समजा, आपल्या विहिरीच्या पाण्याचा जडपणा ६०० आहे आणि इंजिनात १० लिटर पाणी मावते. एका भरणीत ६ ग्रॅम क्षार आत गेला. तो फारसा नाही. पण रेडिएटर थोडा गळका आहे, टोपी ढिली आहे आणि ड्रायव्हर रोज सकाळी एक लिटर पाणी वर घालतो, असे धरा. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र आतच राहतो. हंगामाच्या १५० दिवसांत १५० लिटर पाणी गेले, म्हणजे ९० ग्रॅम क्षार आत साठला! सगळाच चिकटून बसतो असे नाही, थोडा गळतीबरोबर बाहेरही जातो. तरी दोन-तीन हंगामांत मूठ-दोन मुठी चुना इंजिनाच्या पोटात गेला, हे कबूल करावे लागेल. आणि तो नेमका सगळ्यात तापणाऱ्या जागी, म्हणजे हेडमध्ये आणि लायनरच्या वरच्या भागात बसतो.

यावरून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, पाणी मऊ हवे. दुसरी, रोज पाणी घालावे लागणे हा आजार आहे, सवय नव्हे. आधी गळती शोधावी.

कूलंट कशासाठी?

"आपल्याकडे काय बर्फ पडतोय, मग कूलंट कशाला?" असे अनेक सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. कूलंटमध्ये मुख्य भाग इथिलीन ग्लायकॉल असतो आणि थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून घालतात, हे खरे. पण डब्यात त्याबरोबर गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि आपल्याला गरज त्यांची आहे. बिडाचे इंजिन, तांब्या-पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, सांध्यांचे डाग, असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. साध्या पाण्यात ते एकमेकांना खातात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागते. इंजिन चालताना लायनर बारीक थरथरतो, त्याच्या पाठीवर सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि सुईने टोचल्यासारखी छिद्रे पडत जातात. एक दिवस छिद्र आरपार जाते आणि पाणी तेलात उतरते. चांगले कूलंट लायनरवर संरक्षक थर धरते, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय निम्मे कूलंट मिसळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश उशिरा उकळते, हा आणखी एक फायदा.

म्हणून जास्त कूलंट जास्त चांगले, असे समजू नये. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहते. डब्यावर किंवा पुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल, तेच ठेवावे. काही डबे तयार मिश्रणाचे असतात. त्यात पुन्हा पाणी घालायचे नसते. घेताना लेबल नीट वाचावे. डब्यावर आय. एस. ५७५९ हे भारतीय मानक लिहिलेले आहे का, तेही पाहावे. रंगावर जाऊ नये. हिरवे, निळे, गुलाबी हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्यावरून जात कळत नाही. दोन जातींची मिसळ करू नये. काही वेळा आतली द्रव्ये फाटून गाळ होतो.

पाणी कोणते वापरावे? बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी उत्तम. ते महाग वाटले तर गावातल्या आर. ओ. यंत्राचे पाणी चालेल. दोन-तीन पाऊस होऊन गेल्यावर स्वच्छ पत्र्यावरून धरलेले आणि फडक्याने गाळलेले पावसाचे पाणीही मऊ असते. विहीर, बोअर, पाट आणि कालवा यांचे पाणी शेवटच्या भरणीला नको.

धुलाईची तयारी

हे हवे : पुस्तिका, पाना-पक्कड, १५-२० लिटरचे पसरट घमेले किंवा टब, मोजमापाचे भांडे, तारेचा तुकडा, नव्या क्लिपा, थर्मोस्टॅटचे नवे पॅकिंग, नरसाळे, मऊ पाणी ४० लिटर आणि कूलंट. वरच्या-खालच्या रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. चिरा पडल्या असतील, फुगल्या असतील किंवा आतून लिबलिबीत झाल्या असतील, तर आताच बदलाव्यात. हंगामात रात्री दोन वाजता नळी फुटली तर दुकान उघडे नसते.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, ब्रेक लावावा, चाकाला दगड द्यावा, किल्ली खिशात ठेवावी. जनावरे आणि लहान मुले दूर असावीत. याचे कारण पुढे सांगितले आहे.

कृती

१. ट्रॅक्टर थोडा वेळ चालवून इंजिन तापवावे, म्हणजे तळाचा गाळ पाण्यात मिसळतो. मग बंद करून, रेडिएटरला तळहात सहज टेकवता येईल इतके निवू द्यावे. तापलेल्या इंजिनाची टोपी कधीही उघडू नये. आत पाणी शंभराच्या वर असू शकते. टोपी सुटताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते.

२. टोपी काढावी. खाली टब ठेवून रेडिएटरची तोटी उघडावी. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि तीच मोठी चूक होते. इंजिन ब्लॉकच्या बाजूला दुसरी तोटी किंवा बोल्ट असतो, तोही उघडावा. नाहीतर बरेच जुने पाणी आत तसेच राहते. त्यातून पाणी आले नाही तर तोंड गाळाने बुजले आहे असे समजावे आणि तार घालून मोकळे करावे.

३. निघालेले पाणी मोजावे आणि लिहून ठेवावे. ते पारखून पाहावे. तांबूस असेल तर गंज, तळाशी पांढरी रेती असेल तर क्षार. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची किंवा ऑइल कूलरची शंका घ्यावी आणि धुलाईआधी मिस्त्रीला दाखवावे.

४. तोट्या बंद करून साधे स्वच्छ पाणी आणि धुलाईचे औषध भरावे. बाजारात तयार रेडिएटर-फ्लश मिळते, त्यावरच्या सूचनेप्रमाणे वागावे. जुना बिडाचा ट्रॅक्टर आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर चिखल आणि तेलकटपणा काढायला १० लिटर पाण्याला पाव किलो धुण्याचा सोडा चालतो. पण ॲल्युमिनियमचा रेडिएटर, हेड किंवा पंप असेल तर सोडा मुळीच नको, तो ॲल्युमिनियम खातो. नव्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियम असते. आपल्या ट्रॅक्टरात काय आहे हे ठाऊक नसेल, तर तयार फ्लशच घ्यावे. संडास साफ करायचे ॲसिड तर कोणत्याही इंजिनात घालू नये. थर निघेल, पण त्याबरोबर धातूही जाईल.

५. टोपी लावून इंजिन २०-३० मिनिटे चालवावे. वरची रबरी नळी गरम झाली की थर्मोस्टॅट उघडला असे समजावे. त्याआधी औषध रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. मग निवू देऊन दोन्ही तोट्यांनी सोडावे.

६. आता उलटी धुलाई. वरची व खालची नळी सोडवावी आणि थर्मोस्टॅट काढून बाजूला ठेवावा. रेडिएटरच्या खालच्या तोंडातून बागेच्या नळीने पाणी सोडावे आणि वरच्या तोंडातून बाहेर पडू द्यावे. पाणी नेहमी वरून खाली वाहते, त्यामुळे अडकलेला गाळ उलट्या धारेने सुटतो. ब्लॉकही तसाच धुवावा, थर्मोस्टॅटच्या जागेतून पाणी सोडून. मात्र धार हलकी ठेवावी. तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीचा पाइप थेट जोडला तर रेडिएटरचे सांधे उकलतील. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

७. रेडिएटरची परीक्षा इथेच होते. खालचे तोंड तळहाताने दाबून रेडिएटर भरावा आणि हात एकदम काढावा. पाणी भरघोस लोट्याने पडले तर नळ्या मोकळ्या. रडत रडत पडले तर नळ्या बुजल्या आहेत. मग रेडिएटर काढून दुरुस्तीवाल्याकडून टाक्या उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्यावी किंवा जाळी बदलावी. घरच्या औषधाने ते काम होणार नाही.

८. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात सोडून तापवावा. पाणी उकळायच्या आत तो उघडला पाहिजे आणि गार झाल्यावर पुरता मिटला पाहिजे. नाहीतर नवा घ्यावा. बसवताना मेणाची कुपी असलेली बाजू इंजिनाकडे ठेवावी आणि पॅकिंग नवे घालावे.

९. नळ्या आणि क्लिपा बसवून साध्या पाण्याने एक-दोनदा खळखळून धुवावे. पाणी नितळ येईपर्यंत थांबू नये. शेवटची खळ मऊ पाण्याची द्यावी.

भरणी

धुतल्यावरही थोडे पाणी कानाकोपऱ्यात राहतेच. म्हणून आधी कूलंट आणि मग पाणी, हा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, पुस्तिकेप्रमाणे इंजिनात १० लिटर मावते आणि प्रमाण निम्मे-निम्मे आहे. तर आधी ५ लिटर घट्ट कूलंट ओतावे आणि मग मऊ पाण्याने भरत आणावे. म्हणजे आत राहिलेल्या पाण्यामुळे मिश्रण पातळ होत नाही. तयार मिश्रण वापरायचे असेल तर आतले पाणी होता होईल तेवढे निथळून घ्यावे.

ओतताना घाई नको. बारीक धारेने ओतावे, म्हणजे आतली हवा वर येईल. काही इंजिनांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो ढिला करावा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळावा. मग टोपी न लावता इंजिन मंद चालू ठेवावे आणि पुढे उभे राहून वाकून बघू नये. बुडबुडे येतील. वरची नळी गरम होताच पातळी एकदम खाली जाईल, कारण थर्मोस्टॅट उघडून पाणी आत खेचले जाते. तेवढे मिश्रण भरावे आणि टोपी लावावी. ज्यांना बाजूची प्लॅस्टिकची टाकी नाही, त्यांनी तोंडापासून दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवावी. टाकी असेल तर गार इंजिनात पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात पातळी पुन्हा पाहावी आणि खाली जमिनीवर थेंब पडले आहेत का ते बघावे. मग तारीख आणि तासांच्या मीटरचा आकडा बॉनेटच्या आत रंगाने लिहावा. साध्या जातीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलतात. आपल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे.

आतून धुतले, बाहेरून काय?

ऊस वाहतुकीत रेडिएटरचा मोठा शत्रू म्हणजे पाचट आणि धूळ. फॅन वारा ओढतो, त्याबरोबर पाचटाचे तुकडे, कुसळे आणि फुफाटा जाळीवर येऊन बसतात. त्यावर डिझेल किंवा तेलाचा हात लागला की लिंपण तयार! आतून कितीही धुतले तरी वाराच जात नसेल तर उपयोग काय? हंगामात पुढची जाळी रोज झटकावी. आठवड्यातून एकदा इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, हलके पाणी किंवा हवा मारावी. जोराच्या धारेने पाती वाकतात आणि वाट आणखी बुजते.

फॅन बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. ढिला बेल्ट घसरतो, जास्त आवळलेला वॉटर पंपाचे बेअरिंग खातो.

वाटेत तापला तर

काटा तांबड्या पट्ट्यात गेला की "काटा जवळ आलाय, तेवढा पोचवू" असे म्हणू नये. बाजूला घ्यावा. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर इंजिन लगेच बंद करावे. तसे नसेल तर ओझे काढून दोन-चार मिनिटे मंद चालू द्यावे, म्हणजे पाणी फिरत राहून ताप सगळीकडे सारखा उतरतो. मग बंद करून निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नये. टोपी गार झाल्यावर जाड गोणपाट टाकून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावी. फस्स आवाज पूर्ण थांबला की काढावी. पाणी घालताना इंजिन मंद चालू ठेवून थोडे थोडे घालावे. मऊ पाणी नसेल तर वाटेतले चालेल, पण घरी आल्यावर ते काढून पुन्हा नीट भरणी करावी.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. पाणी सगळे गेले तर काटा कधी कधी खाली येतो, कारण काट्याचा सेन्सर कोरडा पडतो. ड्रायव्हरला वाटते, "निवला वाटतं!" आणि इंजिन मात्र आत भाजत असते. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर ताबडतोब थांबावे.

भाजले तर त्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. शाई, टूथपेस्ट, हळद लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर लगेच दवाखाना गाठावा.

जुने कूलंट म्हणजे विष

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. टबमधले रंगीत गोड पाणी कुत्रे चाटते, वासरू तोंड घालते, लहान मूल सरबत समजून पिते. थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. सुरुवातीला नुसती झिंग आल्यासारखे दिसते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि डबा बरोबर न्यावा.

उरलेले कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. मूळ डब्यात, कुलपात ठेवावे. काढलेले जुने पाणी विहिरीजवळ, पाटात, उकिरड्यावर किंवा ओढ्यात ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर 'विष' असे लिहून, वापरलेले तेल व कूलंट गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. सांडलेले लगेच पाण्याने धुवून काढावे.

सभासदांच्या शंका

शंका : ट्रॅक्टर तापतो म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता तापत नाही. मग बिघडले काय?

उत्तर : ताप झाकला, आजार तसाच राहिला. थर्मोस्टॅट नसला की इंजिन बराच वेळ गार चालते. डिझेल जास्त जळते, पुरते न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन टाकते आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि ओझ्याखाली उलट जास्तच तापते. ताप कशामुळे होता ते शोधावे आणि थर्मोस्टॅट परत बसवावा.

शंका : गळतीवर हळद किंवा तंबाखू घातली तर चालते का?

उत्तर : वाटेत अडलेल्याने कधी केले असेल, पण तोच लगदा बारीक नळ्यांत जाऊन बसतो. गळतीला डाग किंवा नवा सांधा हाच उपाय.

शंका : हेड गॅस्केट गेले हे कसे ओळखावे?

उत्तर : टोपी काढून गार इंजिन सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, धूर पांढरा येत राहिला किंवा ऑइलची पट्टी ताकासारखी पांढुरकी दिसली, तर इंजिन चालवू नये. मिस्त्रीला बोलवावे.

शंका : हे सगळे दरवर्षी करायचे?

उत्तर : पातळी, नळ्या, टोपी, बेल्ट आणि बाहेरची जाळी दरवर्षी पाहावी. पूर्ण धुलाई कूलंटच्या मुदतीप्रमाणे करावी. पण आजवर साधे विहिरीचे पाणीच घातले असेल, तर या हंगामाआधी एकदा पूर्ण धुलाई कराच.

शेवटी

बंधू-भगिनींनो, या कामाला एक सकाळ, थोडे मऊ पाणी आणि कूलंटचा डबा लागतो. बदल्यात इंजिनाचे आयुष्य वाढते आणि भर हंगामात वाटेवर उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही. पुष्कळांचा ट्रॅक्टर कर्जाचा असतो. हप्ता हंगामाच्या कमाईवर ठरलेला असतो. बंद पडलेल्या ट्रॅक्टराचा हप्ता कोणी माफ करत नाही, आणि वाळलेल्या उसाचे वजन कोणी भरून देत नाही.

म्हणून तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येऊ देऊ नका. कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी आपापल्या ट्रॅक्टरचे पाणी बदलून घ्या, ड्रायव्हरला सोबत उभे करून प्रत्येक पायरी दाखवा आणि बॉनेटच्या आत तारीख लिहा. सर्वांचा हंगाम विनाअडथळा पार पडो!